दोघं जेवतायत, आपण बघतोय

सातारा, रविवार रात्र

प्रिय ताई,



तुझं पत्र वाचलं. दाजींनी ‘द ट्रिप’ दुसऱ्याच भागात बंद करून क्रिकेट लावलं आणि तू मागाहून एकटी बसून सहाही भाग संपवलेस, हे वाचून मला फार बरं वाटलं. मालिकेतलं पहिलं हॉटेल व्हाइटवेलचं, म्हणजे तुमच्या प्रेस्टनपासून गाडीनं तासाभराच्या आत. तिथं राहून तुमच्या घरात दोन तट पडले, तर साताऱ्यात पडणारच.

आमच्याकडे झालं ते असं. तू पाठवलेले भाग मी टीव्हीवर लावले. आई, ही आणि मी. कूगन आणि ब्रायडन, मालिकेतले दोन विनोदी नट, समोरासमोर बसलेत, वाढणारी येते, पदार्थाचं नाव सांगते, जाते. दोघं एक घास खातात आणि पुन्हा एकमेकांना टोचायला लागतात. दहा मिनिटांनी आई म्हणाली, “हे दोघं जेवतायत आणि आपण नुसतं बघायचं?” ही म्हणाली, “हसायचं कुठं ते आधी सांगा, म्हणजे मी तयार राहते.” मी तेव्हा डोळे पुसत होतो. त्या दोघींनी माझ्याकडे ज्या काळजीनं पाहिलं, ती अजून आठवते.

हिचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. हसायचं कुठं? मागं हशाची पट्टी नाही. गोष्टही जवळजवळ नाहीच. एका वर्तमानपत्रासाठी उत्तर इंग्लंडमधल्या हॉटेलांवर लिहायचं कूगनला काम मिळतं, सोबत यायची ती मैत्रीण अमेरिकेला निघून जाते, म्हणून तो नाइलाजानं ब्रायडनला बोलावतो. मायकल विंटरबॉटम या दिग्दर्शकानं प्रसंगांचा सांगाडा तेवढा ठरवला, बोलणं बरंचसं दोघांवर सोडलं. नावंही त्यांची स्वतःचीच, स्टीव्ह आणि रॉब. स्वभाव मात्र मुद्दाम चढवून घेतलेले. विंटरबॉटमच्याच 2005च्या एका चित्रपटात या जोडीनं हा खेळ आधी खेळून पाहिला होता. 2010 साली बीबीसी टूवर ही मालिका आली.

दाजी म्हणतात, “सुचेल ते बोलत सुटणं म्हणजे विनोद नव्हे, त्याला लिहावं लागतं.” दाजींना सांग, त्यांच्याच आवडत्या दादा कोंडक्यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये काय केलं? वसंत सबनिसांची संहिता होतीच, पण दादा त्या दिवशीच्या बातमीवर, समोर बसलेल्या माणसावर तिथल्या तिथं कोटी करायचे. आपल्या तमाशातली बतावणी तर उभीच हजरजबाबीपणावर. तेव्हा पदरची वाक्यं घालणं आपल्याला नवं नाही. आपल्याला नवं आहे ते पुढचं. आपला सोंगाड्या वाक्य फेकतो आणि प्रेक्षकांकडे बघतो. हशा आला की तो धागा लांबवतो, नाही आला की सोडतो. इथं ब्रायडन वाक्य फेकतो आणि समोर असतो फक्त कूगन, जो मरेपर्यंत हसणार नाही.

माझ्या मते मालिकेतली खरी गंमत त्या न हसण्यात आहे. मायकल केन या नटाच्या नकलेचा प्रसंग पुन्हा लावून बघ, पण या वेळी नक्कल करणाऱ्याकडे बघू नकोस, ऐकणाऱ्याकडे बघ. ब्रायडन समजावून सांगतो की केनचा आवाज तरुणपणी वेगळा होता, पुढं सिगार आणि ब्रँडीनं तो खाली उतरला. उत्तम करतो तो. कूगनच्या चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही. दुसऱ्याच्या गाण्याला दाद द्यायची नाही असं ठरवून पहिल्या रांगेत बसलेला गवई असतो ना, तसा. मग तो स्वतः म्हाताऱ्या केनचा गहिवरलेला आवाज काढून दाखवतो, म्हणजे धडा शिकवतो. प्रकरण इतकं पेटतं की दोन पोक्त माणसं जेवणाच्या टेबलावर एकमेकांवर मायकल केन होऊन ओरडताहेत.

ब्रायडनला आणखी एक आवाज येतो, डब्यात अडकलेल्या छोट्या माणसाचा. घसा आवळून, लांबून आल्यासारखा. जेवताना कूगन त्याला तुच्छतेनं उडवून लावतो. पुढं हॉटेलच्या खोलीत, दार बंद केल्यावर, हाच कूगन आरशासमोर उभा राहून तो आवाज काढून बघतो. जमत नाही. पुन्हा बघतो. नाहीच जमत. तो चेहरा बघून मी आधी हसलो आणि मग गप्प झालो. आपण दोघं लहानपणी काकांच्या नकला कोण चांगल्या करतं यावर भांडायचो, आठवतं? तुझी चांगली व्हायची. मी न्हाणीघरात सराव करायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मॅलहम कोव्हचा कडाही मला असाच प्रिय. कूगन एकांतात निसर्ग बघायला वर चढतो आणि तिथं एक गृहस्थ त्याला चुनखडकाची माहिती द्यायला लागतो. दुसऱ्यांना ज्ञान पाजणारा माणूस स्वतः पिताना कसा दिसतो, ते बघावं.

आता दाजींच्या बाजूनं दोन शब्द, नाहीतर म्हणतील मेहुणा एकतर्फी बोलतो. एक म्हणजे, ब्रिटनबाहेर पुष्कळांनी ही मालिका पाहिलीच नाही. अर्ध्या तासाचे सहा भाग पावणेदोन तासांच्या आसपास कापून जो चित्रपट केला, तो पाहिला. त्यात नकला लागोपाठ येतात आणि मधले ओले रस्ते, रात्री खोलीतून केलेले फोन, मायकल नायमनचं पियानोचं संगीत, हे आटतं. दुसरं, पुढच्या पर्वांत ही जोडी स्वतःच्याच लोकप्रियतेला ओ द्यायला लागली. इटलीपर्यंत (2014) मला चाललं. स्पेनमध्ये (2017) मात्र नक्कल आली की ‘फर्माईश पूर्ण’ असं वाटायचं. सुचलेलं आणि सुचल्यासारखं केलेलं यांतला फरक कानाला लगेच कळतो, आणि तिथं दाजींनी क्रिकेट लावलं असतं तर मी रिमोट हातात दिला असता.

पहिल्या पर्वावर मात्र मी हटणार नाही. 2011 साली कूगनला त्याबद्दल विनोदी अभिनयाचा बाफ्टा मिळाला. शेवट आठव: ब्रायडन घरी बायको-लेकराकडे पोचतो, कूगन लंडनच्या मोठ्या, काचेच्या खिडक्यांच्या, रिकाम्या घरात. जो सहा भाग हरला असं वाटत होतं, तो जिंकलेला निघतो. हे कुणी बोलून दाखवत नाही. हिला तेवढा शेवट मी पुन्हा लावून दाखवला. ती हसली नाही, पण “त्याला कुणीतरी फोन करायला हवा होता,” असं म्हणाली.

दाजींना एकदा तो चुनखडकवाला भाग दाखव. त्यांना ट्रेकची माहिती सांगायची सवय आहे, म्हणून सांगतो. माझं नाव घेऊ नकोस.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण देवळात जाऊन येते. आज पत्र लिहायला बसलो तर विचारत होती, “काय रे, त्या दोघांचं जेवण झालं का?” म्हटलं, नाही, अजून इटली, स्पेन आणि ग्रीस बाकी आहे.

तुझा,
धाकटा