घारापुरीला जाताना आम्ही सोडलेली लाँच

आमच्या विभागातील महिला मंडळ आणि मुले मिळून एकतीस जण गेल्या जानेवारीत एका रविवारी घारापुरीला जाऊन आलो. लेणी सर्वांनाच ठाऊक असतात. आमचा ओढा मात्र बेटाच्या पूर्वेकडील टेकडीकडे होता. तिथे विटांचा बौद्ध स्तूप आहे, इसवी सनापूर्वीचा मानला जातो आणि टेकडीला स्तूप टेकडी असेच म्हणतात. बेटावर जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात. स्तूपाविषयी पुढे लिहूच, परंतु या सहलीत आम्ही अधिक शिकलो ते पाण्यावर.

गेटवेच्या पायऱ्यांवर नऊ वाजता पोहोचलो. समोर जी लाँच लागली होती तिच्या बाजूवर प्रवाशांचा आकडा रंगवलेला होता. आम्ही पडलो कारकून माणूस, आकडा दिसला की बेरीज करायची सवय. चढणारी डोकी मोजत गेलो. आमचा नंबर येईपर्यंत आकडा भरला होता आणि खलाशी तरी "चला, चला, जागा आहे" म्हणत होता. आमच्या रांगेतील आक्का थांबल्या. "पोरं हायेत संगं. मी न्हाई चढायची," म्हणाल्या. मागून ओरडा सुरू झाला. दोन तरुण कार्यकर्ते आमच्यावरच चिडले, तिकिटे काढलेली आहेत, वेळ जातो आहे वगैरे. तरीही आम्ही ती लाँच सोडली. पाऊण तास उन्हात बसलो. त्या पाऊण तासात आम्हांला पुष्कळ बोलणी खावी लागली, ती इथे लिहीत नाही.

आक्कांच्या मनात काय होते ते आम्हांला कळत होते. 18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी चारच्या सुमारास याच वाटेवर 'नीलकमल' ही लाँच बुडाली. नौदलाच्या एका वेगवान बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, तिचा ताबा सुटला आणि ती लाँचवर आदळली. पंधरा माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. चूक लाँचच्या तांडेलाची नव्हती हे खरे. पण लाँचला परवाना होता खलाशी धरून नव्वद जणांचा आणि वर माणसे होती शंभराहून जास्त. त्या अपघातानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींवर प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे झाले.

दुसऱ्या लाँचचा तांडेल वयस्क होता. आम्ही जॅकेटे मोजू लागलो तेव्हा तो रागावला नाही, उलट लहान मुलांची जॅकेटे त्याने बाकाखालून स्वतः काढून दिली. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घातले तर मूल पाण्यात त्यातून खाली निसटते, म्हणाला. पट्टे आवळून घ्यायचे. नुसते गळ्यात अडकवलेले किंवा डोक्याखाली उशी केलेले जॅकेट काही कामाचे नाही. चढताना एक लाँच ओलांडून दुसरीत जावे लागले. तेव्हा त्याने सांगितले, हातात पिशवी नको, खलाशाचा पंजा नको, मनगट धरा. आणि दोन बोटींच्या फटीत हात-पाय घालू नका.

घारापुरी तासाभराची वाट आहे. नौदलाची जहाजे, जवाहर द्वीपाला लागलेली तेलवाहू जहाजे, दूर तुर्भ्याचा अणुभट्टीचा घुमट. मुलांनी तांडेलाला प्रश्नांनी हैराण केले. मध्येच उजव्या हाताने एक स्पीडबोट आडवी आली. आमच्या तांडेलाने वेग कमी केला, सुकाणू उजवीकडे घेतले आणि तिच्या मागून लाँच काढली. "आपण मोठे, मग आपण का थांबलो?" एका मुलाचा प्रश्न. उत्तर असे की उजवीकडून आडव्या येणाऱ्याला वाट द्यायची. समोरासमोर आले तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे. मागून ओलांडणाऱ्याने पुढच्यापासून लांब राहायचे. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, पाण्यावर उजवीकडून! भोंग्यालाही भाषा आहे. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटे फिरवतो आहे. पाच वाजले तर समजायचे, तुझा बेत मला कळत नाही, सांभाळ. बोटीला ब्रेक नसतो, ही गोष्ट तर आम्हांला चाळिशी उलटल्यावर कळली. इंजिन उलटे फिरवूनच ती थांबते, आणि तीही लगेच नाही.

आमच्यातील एका भगिनीचा मुलगा कोकणात एका किनाऱ्यावर पर्यटकांच्या स्पीडबोटीवर कामाला लागला आहे. तिने त्याच्याबद्दल विचारले तेव्हा तांडेल गंभीर झाला. "लाल दोरी बांधतो का तो?" चालकाच्या मनगटाला किंवा मांडीला बांधायची ही दोरी, दुसरे टोक इंजिनाच्या खटक्याला. चालक पाण्यात पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडते. दोरी नसेल तर रिकामी बोट गोल फिरून पडलेल्याच माणसावर येते, पंखा फिरत असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळाशी साचते. म्हणून पेट्रोल भरताना विडी नाही आणि भरल्यावर झाकणे उघडून वाफ जाऊ दिल्याशिवाय चावी नाही. कोणी पडलेच तर एकाने त्याच्याकडे बोट दाखवत राहायचे, नजर हटवायची नाही, कारण लाटेत डोके नारळाएवढेच दिसते. आधी त्याच्याकडे तरंगते कडे फेकायचे, मग सावकाश जवळ जायचे आणि तो बाजूला येण्याआधी पंखा थांबवायचा. बाईंनी सर्व कागदावर लिहून घेतले. मालक दोरी देत नसेल तर काय, हेही त्यांनी विचारले. तांडेल म्हणाला, "मग बोट चालवायची नाही." बाई काही बोलल्या नाहीत. घरात तोच एक कमावता आहे.

बेटावर राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावे. समुद्राखालून केबल टाकून इथे वीज आली ती 2018 साली, मुंबईचे दिवे रात्रभर समोर दिसत असताना. लेण्यांपर्यंत एकशेवीस पायऱ्या आहेत, आक्का विसावत विसावत चढल्या. स्तूपापाशी मुलांनी वंदना घेतली. वाऱ्याने मेणबत्त्या टिकेनात, म्हणून दोन भगिनींनी पदराचा आडोसा धरला.

परतताना उजव्या बाजूला सीगल पक्षी आले आणि सगळी लाँच त्या बाजूला धावली. लाँच कलली. या वेळी ओरडल्या त्या आक्का, तांडेलाच्याही आधी. "बसा खाली समदी!" सगळे बसले.

जाणाऱ्यांसाठी: लेणी सोमवारी बंद असतात. स्तूप टेकडीवर जायचे तर पाणी खालूनच न्यावे. समुद्रात संकट आले तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. तो आम्ही एकतीस जणांच्याही फोनमध्ये घालून घेतला, आक्कांच्या फोनमध्ये त्यांच्या नातीने.