लव झडलेल्या जागा

साध्या बाहुलीचं नाव तिच्याशी खेळणारी मुलगी ठेवते. कार्टूनमधल्या किंवा गोष्टीतल्या बाहुलीचं नाव मात्र ती घरात येण्याआधीच साऱ्यांना ठाऊक असतं. पीटर रॅबिट हा गोष्टीतला ससा. त्याच्या कापडी बाहुलीचं पेटंट लेखिका बिअट्रिक्स पॉटर यांनी १९०३ मध्ये घेतलं. १९२८ मध्ये पडद्यावर गाजलेला मिकी माउस शार्लट क्लार्क यांनी १९३० मध्ये लॉस एंजलिसला शिवला, आणि पडद्यावरचा उंदीर मुलांच्या कुशीत आला.

महाराष्ट्रात ही माया आधी कागदावर जडली. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघालं आणि परदेशी फँटम पुढे मराठी मुलांचा ‘वेताळ’ झाला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ही-मॅन आला, नव्वदच्या दशकात रविवारची सकाळ मोगलीची झाली. १९९१ मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रपट्टीतला चिंटू ‘सकाळ’मध्ये अवतरला. त्याची कात्रणं वहीत चिकटवणं हाही संग्रहच. मऊ बाहुल्या मात्र बहुधा परदेशातून येणाऱ्या काका-मामांच्या बॅगांतून आल्या. जत्रेत मिळत त्या त्यांच्या भाबड्या नकला. अशा बाहुल्या जमवणाऱ्या संग्राहकाला आज दोन्ही तितक्याच प्रिय असतात.

पडद्यावरच्या या हलत्या चित्रांचं नाशिकशी जुनं नातं आहे. इथे चित्रपटांचा कारखाना चालवणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. अशा हजारो खेपांनंतर निर्जीव काड्या पडद्यावर हलू लागल्या. तो लघुपट आज पाहायला मिळत नाही. मुलांच्या मौजेची वस्तू किती सहज नाहीशी होते, याची जाण या गावाला म्हणूनच अधिक असायला हवी.

जुन्या नाशकात अशा वस्तू वाड्यांच्या माळ्यावर, रद्दीच्या दुकानात आणि भंगाराच्या ढिगात सापडतात. गोदाकाठच्या घरांना पुराचंही भय. पुराची पातळी जिच्यावरून ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी पाणी आलं की आधी धान्य आणि कागदपत्रं वर चढतात. खेळण्यांची आठवण शेवटी होते.

हाती आलेली बाहुली वाचावी लागते. शिवणीत अडकलेली चिठ्ठी निर्माता आणि देश सांगते. चिठ्ठी गळाली असेल तर बोटांनी दाबून पाहावं: करकरला तर लाकडाचा कीस, हलका आणि गुठळ्यांचा लागला तर कापूस, आतून पिवळा भुगा सांडला तर जुना फोम. डोळे काचेचे, बटणांचे की प्लॅस्टिकचे, यावरूनही काळाचा अंदाज येतो. मग दिसतात लव झडलेल्या जागा. एक कान गुळगुळीत झालेला असतो, कारण झोपताना कोणीतरी तोच मुठीत धरत असे. पोटावर आजीचा टाका असतो, मूळ दोऱ्याशी रंग न जुळणारा. बाजारात अशा खुणांनी किंमत उतरते. संग्रहात मात्र त्याच खुणा बाहुलीला तिच्यासारख्या हजारोंतून वेगळं करतात. म्हणून तो टाका उसवून नवा घालू नये.

जपणुकीचे नियम साधे आहेत. उन्हानं रंग उडतो, पावसाळ्यातल्या दमट हवेनं बुरशी येते, कसर कापड आणि कागद दोन्ही खाते. बाहुली खळ धुऊन काढलेल्या मलमलीत सैल गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आणि पावसाळा सरल्यावर सावलीत वारा द्यावा. कॉमिक्स आडवी, थोडी-थोडी रचावीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा डाग पुढे जात नाही.

शेवटचं काम नोंदीचं. वस्तू कुठे मिळाली, कधी, कोणाची होती, हे चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून तिच्याजवळ ठेवावं. मिकीचं नाव जग विसरणार नाही. त्याचा कान धरून झोपणाऱ्या मुलाचं नाव तेवढं लिहून ठेवावं लागतं.