पाण्यावर गाडी चालते का हो, मामा?



इंदूरच्या जुन्या मराठी घरांत अजूनही काळ दोन भागांत मोजतात, नर्मदा यायच्या आधीचा आणि नंतरचा. आधी यशवंतसागर, बिलावली आणि वाड्यातल्या विहिरी. मग लोकांनी आंदोलन केलं आणि १९७८ साली नर्मदा शहरात आली. ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, घाट चढून. नदी आपणहून घाट चढत नाही. तिला पंप चढवतात आणि पंपांना वीज लागते. माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली, त्यामुळे आमच्याकडे पाणी वीज खाऊन येतं हे मला नळ उघडताना आठवतंच.

म्हणून भाच्यानं विचारलं, "मामा, पाण्यावर गाडी चालते का हो?" तेव्हा मला आधी हसूच आलं. पण तो गंमत करत नव्हता. त्याची शाळेच्या मुलांची व्हॅन आहे, पेट्रोलवर चालणारी. सकाळ-दुपार मिळून साठ-सत्तर किलोमीटर होतात. पालक फी वाढवू देत नाहीत आणि पेट्रोल काही थांबत नाही. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, मग एक किटवाला घरी येऊन गेला. बाटलीत पाणी, त्यात स्टीलच्या पट्ट्या, बॅटरीच्या वायरी. बुडबुडे निघतात, ते नळीनं इंजिनात सोडायचे. किंमत २८ हजार. ताईनं भिशीचे पैसे द्यायचं कबूल करून टाकलं होतं. उरलेले माझ्याकडून हवे होते.

ताई म्हणाली, "तू आधी नाही म्हणू नकोस. पोराला जरा आधार हवाय."

भाच्याचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. पाण्यात हायड्रोजन असतो आणि हायड्रोजन जळतो, हे शाळेतच शिकवतात. शिवाय २०२२ साली गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मी म्हटलं, "अरे, त्या गाडीत हायड्रोजन भरतात. पाणी तिच्यातून बाहेर पडतं. लाकूड जळून राख उरते, तसं हायड्रोजन जळून पाणी उरतं. राखेवर चूल पेटते का?"

राखेचं परत लाकूड करायचं तर जेवढी ऊर्जा मिळाली तेवढी तरी परत घालावी लागते, आणि व्यवहारात जास्तच. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागतं, पण वीज लागते पन्नास युनिट किंवा त्याहून जास्त. त्या हायड्रोजनवर चांगली गाडी शंभरेक किलोमीटर जाते. तेवढीच वीज सरळ बॅटरीच्या गाडीत भरली तर ती तीनशेच्या पुढे जाईल. पाणी स्वस्त आहे हो, महाग आहे ती त्याला फोडणारी वीज.

"पण मामा, वीज तर गाडीचीच आहे. फुकटच ना?"

इथेच सगळे फसतात. म्हणून मी कागद घेतला आणि त्याला पैशांत हिशेब मांडून दिला. ढोबळच, पण समजण्यापुरता. शंभर रुपयांचं पेट्रोल जाळलं की इंजिनाच्या हाती पंचवीस रुपयांचं काम लागतं, बाकी उष्णतेत जातं. त्या पंचवीसवर अल्टरनेटर फिरवला तर वीज मिळते पंधरा रुपयांची. त्या विजेनं पाणी फोडलं तर गॅस मिळतो दहाचा. तो परत इंजिनात जाळला की काम होतं अडीच रुपयांचं. म्हणजे पंचवीस रुपयांचं काम देऊन अडीच रुपयांचं परत घ्यायचं. भाचा बराच वेळ कागदाकडे बघत बसला.

मग म्हणाला, "पण ज्यांनी बसवलंय ते म्हणतात ॲव्हरेज वाढलं." खोटं बोलतात असं नाही. पैसे घातल्यावर माणूस जपून गाडी चालवतो, त्यानंच फरक पडतो. आणि काही किटबरोबर एक छोटी डबी येते, ती ऑक्सिजन सेन्सरला चकवते. पेट्रोल कमी सुटतं, पण इंजिन जास्त तापतं. श्रेय मात्र बाटलीला मिळतं.

हा प्रकार नवाही नाही. १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्लैंनी पाणी आणि वनस्पतींपासून पेट्रोल करतो म्हणून देश ढवळून काढला होता. २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयानं त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच १९९६ साली अमेरिकेत ओहायोच्या कोर्टानं स्टॅन्ली मेयर यांना गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. त्यांचं पाण्यावरचं यंत्र तज्ज्ञांनी तपासलं, तर ते साधं विद्युत विघटन निघालं.

पैशापेक्षा मला खरी भीती दुसरीच होती. त्या बाटलीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळूनच तयार होतात. एक ठिणगी पुरे. पाण्यात कॉस्टिक घालतात ते वेगळंच. आणि मागे आठ लेकरं बसलेली. ताईला आकड्यांचं काही पटलं नव्हतं, पण हे ऐकून ती गप्प झाली.

तरी मी नाही म्हटलं नाही. भाच्याला सांगितलं, किटवाल्याला एक साधी परीक्षा द्यायला लाव. एकाच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची, शंभर किलोमीटर चालवायची, परत भरायची. एकदा किट चालू, एकदा बंद. फरक दिसला तर उरलेले पैसे मी देतो. किटवाला आधी हो म्हणाला, मग "बुकिंग करा, नंतर बघू" म्हणाला, मग फोन उचलेना.

भिशीच्या पैशात माझे थोडे घालून भाच्यानं मंजुरीची सीएनजी किट बसवून घेतली, आरटीओत नोंद करून. बचत चमत्काराची नाही, पण दर महिन्याला हाती लागते आहे.

आणि आपल्याच गावात बघा ना. २०२२ साली ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा प्लांट सुरू झाला, रोज ५५० टन कचरा घेऊ शकेल असा. त्या गॅसवर सिटी बस धावतात. जलूदच्या पंपांचं वीजबिल कमी व्हावं म्हणून महापालिकेनं २०२३ साली ग्रीन बाँड काढले, ६० मेगावॅटच्या सोलर प्लांटसाठी. भाजीच्या देठांत आणि सालींत उन्हाची ऊर्जा साठलेली असते, म्हणून त्यांचं इंधन होतं. पाण्यात ती उरलेलीच नसते.

वडोदरा, ग्वाल्हेर, बेळगावच्या मंडळींनो, तुमच्याकडे असा किटवाला आला तर त्याच्याशी वाद घालू नका. फक्त टाकी भरून शंभर किलोमीटर चला म्हणा.