मोलेसरशास्त्र्यांचें आडनांव

मनुष्याचें आडनांव त्याच्या जन्मापूर्वींच ठरलेलें असतें. तें निवडण्याचा अधिकार त्यास नसतो, व त्याच्या बऱ्यावाईट अर्थाबद्दल त्यास जबाबदारही धरतां येत नाहीं. तथापि आडनांवावरून मनुष्याची पारख करण्याची खोड जगांत सर्वत्र आहे, आणि आपल्या देशांत तर ती अधिकच आहे. कोणाचें आडनांव कानीं पडतांच आपण त्याचें गांव, त्याची जात व त्याची योग्यता यांचे आडाखे मनांत बांधूं लागतों. अशा वेळीं एखाद्या परक्या आडनांवाचा इतिहास शांतपणें पाहिला, तर आपल्या स्वतःच्या नांवांकडे पाहण्याची दृष्टिही थोडी निवळते, असें आम्हांस वाटतें. म्हणून या लेखासाठीं आम्हीं एक इंग्रजी आडनांव निवडलें आहे. खुद्द इंग्लंडांत तें विरळ आहे. परंतु मराठी भाषेच्या अभ्यासकांच्या कपाटांत तें पिढ्यान् पिढ्या वास्तव्य करून आहे. तें आडनांव म्हणजे मोल्सवर्थ.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ (इ. स. १७९५–१८७१) हे कंपनीसरकारच्या फौजेंत अधिकारी म्हणून इकडे आले, व मराठीच्या शब्दभांडाराचे सेवक होऊन राहिले. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश इ. स. १८३१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. पुढें सुमारें ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ति इ. स. १८५७ सालीं निघाली. साहेबांचें नांव मराठी जिभेस अवघड पडलें, म्हणून लोकांनीं त्याचें 'मोलेसर' केलें. आणि त्यांचा व्यासंग पाहून त्यास 'शास्त्री' ही पदवी जोडली. मोलेसरशास्त्री! एका परदेशीय गृहस्थास आमच्या लोकांनीं आपण होऊन दिलेलें हें नांव कोणत्याही दरबारी किताबापेक्षां कमी नव्हे.

आतां या नांवाचा अर्थ पाहूं. मराठी जाणणारा व थोडें इंग्रजी शिकलेला कोणीही विद्यार्थी येथें चटकन् फसेल. 'मोल' म्हणजे किंमत, आणि इंग्रजी 'वर्थ' म्हणजेही किंमत. तेव्हां शब्दांचें मोल जाणणाऱ्या मनुष्यास याहून समर्पक नांव कोणतें असावें? कल्पना गोड आहे, पण खरी नाहीं. ध्वनींच्या सारखेपणावरून व्युत्पत्ति ठरविणें म्हणजे चेहरा मिळाला एवढ्यावरून दोन माणसांस भाऊ ठरविण्यासारखें आहे.

खरी हकीकत अशी आहे कीं, इंग्लंडच्या पूर्व भागांत हंटिंग्डनच्या पश्चिमेस मोल्सवर्थ नांवाचें एक लहानसें गांव आहे. तें पूर्वीं हंटिंग्डनशायर परगण्यांत मोडत असे; आतां केंब्रिजशायरांत मोडतें. विल्यम राजानें इ. स. १०८६ सालीं सर्व राज्याच्या जमिनींची जी प्रसिद्ध पाहणी करविली, तींत हें नांव 'मोल्सवर्दे' अशा रूपानें आढळतें. जुन्या इंग्रजींत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेलें आवार, आपण ज्यास वाडी म्हणूं तसें कांहींसें. केनिलवर्थ, टॅमवर्थ, वाँड्सवर्थ या गांवांच्या नांवांत, आणि आपणांस कवितेच्या पुस्तकांतून परिचित असलेल्या वर्डस्वर्थ या कवीच्या आडनांवांतही, हाच शेवट आहे. पहिला अवयव 'मूल' हें एका माणसाचें नांव होय. सातव्या शतकांत वेसेक्सच्या कॅडवाला राजाचा याच नांवाचा एक भाऊ होता. केंट प्रांताचें राज्य हातीं आल्यावर थोड्याच काळानें इ. स. ६८७ त तेथील लोकांनीं त्यास जाळून मारलें. या गांवाचा मूल मात्र निराळा, कोणी साधा जमीनदार असावा. एवंच मोल्सवर्थ म्हणजे 'मूल नांवाच्या माणसाची वाडी'.

या 'मूल' शब्दाचा आमच्या मराठी 'मूल' शब्दाशीं कांहीं संबंध नाहीं. इंग्रजी पंडितांच्या मतें तो खेचर या अर्थाच्या शब्दावरून आला असावा, व ज्याचे आईबाप निरनिराळ्या जमातींचे असत त्यास तो टोपणनांव म्हणून लावीत असावेत. हें खरें असेल, तर पुढें सरदार, मुत्सद्दी व धर्मोपदेशक यांनीं मोठ्या अभिमानानें मिरविलेल्या या नांवाच्या मुळाशीं शेजाऱ्यांनीं केलेली एका मिश्र कुळांतील मनुष्याची थट्टा आहे!

गांवाचें नांव मनुष्यास कसें चिकटलें, हें आपणांस निराळें सांगावयास नको. इ. स. १०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वीं इंग्लंडांत वंशपरंपरेनें चालणारीं आडनांवें नव्हतीं. पुढील दोनतीनशें वर्षांत तीं हळूहळू रूढ झालीं. कोणास धंद्यावरून, कोणास बापाच्या नांवावरून, तर कोणास गांवावरून आडनांव मिळालें. लोहार प्रत्येक खेड्यांत असल्यामुळें स्मिथ हें आडनांव इंग्लंडभर पसरलें. मोल्सवर्थ गांव मात्र एकच, व तेंही लहान, म्हणून त्यावरून निघालेलें आडनांव विरळ राहिलें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. गांवावरून आडनांव मिळतें तें बहुधा गांव सोडणाऱ्यास. साताऱ्यांत राहणाऱ्यास सातारकर म्हणण्याचें कोणास कारण पडत नाहीं. तो बाहेर पडला म्हणजे परके लोक त्यास तसें म्हणूं लागतात. मोल्सवर्थांचेंही तसेंच झालें असावें.

घराण्याच्या वंशावळी पहिल्या एडवर्ड राजाच्या काळच्या सर वॉल्टर डी मोल्सवर्थ या योद्ध्यापासून आरंभ करतात. पुढें हें घराणें शेजारच्या नॉर्दॅम्प्टनशायरांत फॉदरिंगे येथें स्थायिक झालें, व तेथून कालांतरानें त्याच्या दोन मोठ्या शाखा दूर देशीं गेल्या. एक इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल प्रांतीं, व दुसरी समुद्र ओलांडून आयर्लंडांत.

कॉर्नवॉलमधील शाखेचें ठाणें पेनकॅरो येथें पडलें. या शाखेंतील सर हेंडर मोल्सवर्थ यांस इ. स. १६८९ सालीं बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला. हा गृहस्थ जमेका बेटांत कांहीं काळ गव्हर्नराचें काम पाहत होता, व आफ्रिकेंतून माणसें पकडून आणून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तेथील मुखत्यारही होता. म्हणजे किताब जसा या नांवास लागला, तसा गुलामांच्या व्यापाराचा डागही लागला. आतां याच घराण्यांतील दुसरा पुरुष पाहा. आठवे बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ (इ. स. १८१०–१८५५) हे पार्लमेंटचे सभासद होते. गुन्हेगारांस जहाजांत घालून ऑस्ट्रेलियास काळ्या पाण्यावर पाठविण्याची जी चाल होती, तिची चौकशी करणाऱ्या इ. स. १८३७–३८ च्या पार्लमेंटरी कमिटीचे ते अध्यक्ष होते. खाजगी मालकांच्या हवालीं केलेल्या कैद्यांची स्थिति गुलामगिरीहून फारशी निराळी नाहीं, हें त्या कमिटीनें उघड केलें, आणि इ. स. १८४० सालीं न्यू साउथ वेल्स वसाहतींत कैदी धाडणें बंद झालें. हॉब्ज या तत्त्ववेत्त्याचे समग्र ग्रंथ त्यांनींच संपादून छापविले. लंडनजवळील क्यू येथील वनस्पत्युद्यान रविवारीं सामान्य लोकांस खुलें झालें, तेंही त्यांच्याच कारकीर्दींत. इ. स. १८५५ सालीं ते वसाहतींचे मंत्री झाले, परंतु थोड्याच महिन्यांत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, निवर्तले. एकाच नांवाखालीं एक माणसांचा बाजार मांडतो व दुसरा तशाच दास्याविरुद्ध झगडतो. मग नांवास यश द्यावें कीं अपयश?

आयर्लंडांतील शाखा डब्लिनच्या एका व्यापाऱ्यापासून वाढली. त्याचा मुलगा रॉबर्ट (इ. स. १६५६–१७२५) हा डेन्मार्कच्या दरबारीं वकील होता. तेथील अनियंत्रित राजसत्तेवर त्यानें इ. स. १६९४ च्या सुमारास लिहिलेलें पुस्तक फार गाजलें, व डेन्मार्कच्या राजानें त्याबद्दल इंग्लंडकडे तक्रार केली. इ. स. १७१६ सालीं तो व्हायकाउंट मोल्सवर्थ झाला. प्रसिद्ध लेखक स्विफ्ट यानें आयर्लंडच्या हक्कांसाठीं लिहिलेल्या पत्रांपैकीं एक इ. स. १७२४ सालीं यासच उद्देशून लिहिलें आहे. डब्लिन शहरांत मोल्सवर्थ रस्ता अद्याप या घराण्याची आठवण देतो.

याच आयरिश शाखेंतील जॉन एडवर्ड नॅसॉ मोल्सवर्थ हे उत्तर इंग्लंडांत रॉचडेल येथें दीर्घ काळ धर्मोपदेशक होते. त्यांचे पुत्र सर गिलफर्ड मोल्सवर्थ (इ. स. १८२८–१९२५) यांचा आपल्या देशाशीं निकट संबंध आला. सिंहलद्वीपांतील रेल्वेचें काम पार पाडल्यावर इ. स. १८७१ सालीं ते हिंदुस्थान सरकारचे सल्लागार इंजिनियर झाले. त्यांची इंजिनियरी सूत्रांची खिशांत मावणारी पुस्तिका इतकी उपयुक्त ठरली कीं, इंजिनियर लोक पुस्तिकेस पुस्तिका न म्हणतां नुसतें 'मोल्सवर्थ' म्हणत. योगायोग असा कीं, मराठींतही 'मोल्सवर्थ पाहा' म्हणजे कोश पाहा, असाच अर्थ रूढ झाला. एकाच विरळ आडनांवाचीं दोन पुस्तकें झालीं. एक पूल बांधणाऱ्यांच्या खिशांत गेलें, व दुसरें भाषांमध्यें पूल बांधणाऱ्यांच्या मेजावर बसलें.

माणसें थोडीं असलीं तरी हें नांव भूगोलावर दूरवर पसरलें. न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन येथें पार्लमेंटगृहाशेजारून जाणारा रस्ता मोल्सवर्थ नांवाचाच आहे. त्याच देशाच्या दक्षिण बेटांतील मोल्सवर्थ हें डोंगराळ कुरण सुमारें १,८०,००० हेक्टरांचें असून तेथील सर्वांत मोठें गणलें जातें. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत गोलबर्न नदीच्या कांठीं, टास्मानियांत व कानडांतील ऑन्टारियो प्रांतांतही या नांवाचीं गांवें आहेत. मूळ गांवाहून हजारों मैलांवर अशा वाड्या उठल्या. वाडी घालणारा मूल मात्र कोणास ठाऊकही नाहीं.

साहित्यांतही हें नांव दोनदां मुलांच्या भेटीस आलें. मेरी लुइझा मोल्सवर्थ या बाईंनीं इ. स. १८७७ सालीं 'दि कुकू क्लॉक' ही बालकथा लिहिली. बाईंस हें आडनांव लग्नानें मिळालें होतें. पुढें जेफ्री विलन्स यांनीं नायजेल मोल्सवर्थ नांवाचा एक शाळकरी पोरगा निर्माण केला. त्याच्या लिहिण्यांत शुद्धलेखनाचा गंध नाहीं. कोशकाराचें आडनांव ज्यास एक शब्द धड लिहितां येत नाहीं अशा पोरास मिळावें, ही गंमत आमच्या विद्यार्थिमित्रांस आवडेल. मात्र परीक्षेंत त्याचें अनुकरण करूं नये.

मूळ गांवाचीही पुढील हकीकत ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धांत तेथें विमानतळ झाला, व अमेरिकन बाँबफेकी विमानें तेथून उडूं लागलीं. पुढें अण्वस्त्रें ठेवण्यासाठीं ती जागा निवडली, तेव्हां शांततावादी लोकांनीं तेथें तळ देऊन एक लहान प्रार्थनामंदिर बांधलें, व ग्रीक भाषेंतील शांतिवाचक शब्दावरून त्यास 'आयरीनी' असें नांव दिलें. इ. स. १९८५ च्या फेब्रुवारींत सरकारनें सैनिक आणून तो तळ उठविला. तथापि इ. स. १९८७ च्या अमेरिका-रशिया करारानंतर तीं अस्त्रें तेथून काढून नेण्यांत आलीं.

असो. आतां पुन्हां आमच्या मोलेसरशास्त्र्यांकडे वळूं. कोशावर नांव एकाचें असलें, तरी तो एकट्याचा नव्हे. जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधु त्यांचे सहकारी होते. शब्द सांगणारे, अर्थ फोडून दाखविणारे ब्राह्मण पंडित त्यांच्याजवळ होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले प्रभृति शास्त्रीमंडळींनीं रचलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' इ. स. १८२९ पासून प्रसिद्ध होऊं लागला होता. इ. स. १८५७ च्या आवृत्तीस डॉ. जॉन विल्सन यांनीं मराठी भाषेविषयीं टिपण जोडलें, आणि इ. स. १८६३ सालीं आमचे बाबा पदमनजी यांनीं त्या कोशाचा संक्षेप काढला. इ. स. १९७५ सालीं पुण्यास त्याचें पुनर्मुद्रण झालें. शेतकऱ्याच्या, सुताराच्या, गुराख्याच्या तोंडचे जे शब्द आज बोलण्यांतून नाहींसे झाले, ते या ग्रंथांत सुरक्षित आहेत. ज्यांनीं ते शब्द उच्चारले त्यांचीं नांवें व आडनांवें मात्र कोठेंच लिहिलेलीं नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या शाळांच्या हजेरीपटांत नाना प्रकारचीं आडनांवें शेजारीं शेजारीं लिहिलेलीं असतात. कांहीं उच्चारतांना मान ताठ होते, तर कांहीं उच्चारतांना आवाज खालीं येतो, व कोणी कोणी आडनांव लपवितात किंवा बदलतातही. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, मोल्सवर्थ या नांवाकडे पाहा. त्याच्या मुळाशीं बहुधा कोणाची तरी थट्टा आहे, मध्यें गुलामांचा व्यापार आहे, दास्यविमोचन आहे, रेल्वे आहे, बालकथा आहे. खुद्द नांवानें यांतील कांहींही केलेलें नाहीं. महाराष्ट्रानें जेव्हां त्या नांवापुढें 'शास्त्री' हा शब्द लिहिला, तेव्हां त्यानें त्या साहेबाचें कुळ विचारलें नाहीं. त्याचें काम पाहिलें. हाच न्याय आपण आपल्या वर्गांतील बाकावर शेजारीं बसणाऱ्या मुलास लावला, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.