उतरवायची करवत

आमच्या डोंगरकडा गावाकडे जुनं घर पाडत नाहीत, उतरवतात. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातलं लाकूड नव्या घराला लागतं, नाहीतर विकून चार पैसे येतात. म्हणून सुताराला बोलावतात. माझं अर्धं काम हल्ली हेच आहे.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ रिश्टरचा भूकंपाचा धक्का बसला, दहा मिनिटांनी दुसरा. १० जुलैला पुन्हा ४.५. त्याचं केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याजवळ होतं. किल्लारीला १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावरची माती यांनीच माणसं गाडली, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरली तर ती दीडशे घनफूट होते. सहा-सात टन वजन, आणि खाली निजलेली लेकरं. धक्क्यानंतर बऱ्याच जणांनी माळवद उतरवायचं मनावर घेतलं. ज्यांना घरकुल मंजूर झालं होतं, त्यांनाही जागा मोकळी हवी होती.

आधी मी हातकरवत, पहार आणि ग्राइंडरवर भागवायचो. ग्राइंडर लाकूड कापत नाही, जाळतो. साखळीची करवत खिळ्यावर गेली की साखळी तुटून अंगावर येऊ शकते, आणि जुन्या लाकडात खिळा कुठे दडलाय ते दिसत नाही. मग नांदेडहून रेसिप्रोकेटिंग सॉ आणली. पातं पुढं-मागं चालतं, आपल्या हातकरवतीसारखंच, फक्त मिनिटाला अडीच-तीन हजार वेळा.

पहिली घेताना मी वॅट बघितले आणि किंमत बघितली. तिला वेग कमी-जास्त करायची सोय नव्हती. दाबलं की पूर्ण वेग. एका वाड्याच्या दाराची चौकट काढताना पात्याचं टोक भिंतीतल्या दगडाला लागलं, यंत्र उसळलं आणि गणेशपट्टीचा कोपरा उडाला. घरातली म्हातारी आधीच म्हणाली होती, "लेकरा, बाकी काय बी कर, चौकट तेवढी साबूत काढ." मी म्हणालो होतो, "काढतो, माय." तो तुकडा मी डिंक लावून बसवला. सांधा आजही दिसतो.

तेव्हापासून करवत हातात घेतली की मी आधी तिचा खटका दाबून बघतो. बोटाच्या दाबासरशी पातं हळू सुरू होतं का? खिळ्यावर आणि गजावर हळूच चालवावं लागतं, नाहीतर दाते तापून बोथट होतात. दुसरं, पुढची लोखंडी पट्टी. ती लाकडाला घट्ट टेकवली तरच पातं कापतं, नाहीतर सगळं यंत्र हातात नाचतं. ती मागं-पुढं सरकणारी हवी, म्हणजे पात्याचा एकच भाग झिजत नाही. आणि फेक, म्हणजे पातं पुढं-मागं जातं ते अंतर, २८ मिलिमीटरच्या आसपास हवी. आखूड फेकीत जाड तुळईतला भुसा बाहेर येत नाही. अकराशे वॅट पुरतात. बॅटरीची करवत घरातल्या पाइपाला, फांदीला चांगली. पण दिवसभर तुळया कापायच्या तर मला वायरचीच हवी. गावात व्होल्टेज पडतं, म्हणून वायर जाड आणि जमेल तितकी आखूड ठेवतो.

खरा खर्च पात्यांवर करावा. निव्वळ लाकडाला इंचाला सहा दाते, खिळे असलेल्या लाकडाला आठ ते दहा, गज-पाइपाला चौदा ते अठरा. बाय-मेटलचंच पातं घ्यावं. ते वाकतं पण पटकन मोडत नाही. चौकट आणि भिंत यांच्या फटीत नऊ इंची पातं घालून चौकटीला भिंतीत धरणारे लोखंडी होल्डफास्ट कापले की चौकट अख्खी हातात येते. पहारीनं उचकटली तर सांध्यातली कुसू फाटतात, आणि कुसू फाटलेली चौकट पुन्हा उभी राहत नाही.

पण करवत लागते शेवटी. आधी वरची माती घमेल्यानं खाली, मग तिच्याखालच्या लाकडी किलच्या, मग त्यांना पेलणारे सरे. तुळई कापावीच लागली तर तिच्याखाली दोन्हीकडून टेकू द्यायचा. न देता मधोमध कापलीत तर ती बसते आणि पातं चिमटून धरते. त्या क्षणी माणूस यंत्र ओढत राहतो आणि वर बघत नाही. आणि भिंतीत पातं घालण्याआधी त्या घराची वीज मीटरवरून तोडायची (करवतीला वीज दुसरीकडून), जुनी वायरिंग कुठून गेलीय ते मालकालाही ठाऊक नसतं.

कुठल्या कंपनीची घ्यावी असं मला विचारतात. पात्याची खोबण बहुतेक सगळ्यांची एकसारखी असते, पाती कुठलीही चालतात. ज्या कंपनीचे कार्बन ब्रश आणि स्विच नांदेडात मिळतात ती घ्या. दुकानदाराला ती लावून दाखवायला सांगा, आणि बोट हलकं ठेवून बघा. हळू चालली नाही तर घेऊ नका.