वाइनची सहल आणि दाजींची शुगर

"डॉक्टर, वाइन तर हार्टला चांगली असते ना?" उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न महिन्यातून दोन-चारदा येतोच. दहा-बारा वर्षांपूर्वी मीही मान डोलवायचो. "थोडी चालते हो," असं म्हटलं की पेशंट खूश व्हायचा. हे आधी कबूल करतो, कारण पुढची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे.

फेब्रुवारीत ताई आणि दाजी आले होते. दाजी ५८ वर्षांचे, डायबिटीस बारा वर्षांचा, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. नाशिकची वाइनरी बघायची त्यांना फार हौस. म्हणून सकाळी सहाला निघालो, वैजापूरला पोहे खाल्ले, गोळ्या घेतल्या. येवला मागे टाकून निफाडकडे लागलो की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. वाइनरी गंगापूर धरणाच्या बाजूला. गाईड तरुण पोरगा, विषय चांगला जाणणारा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची गोडीची छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी, असं वर्षाचं गणित त्याने सांगितलं. वाइनची द्राक्षं आपल्या थॉमसनसारखी नसतात. लहान, जाड सालीची, बियांची. लाल वाइनचा रंग सालीतून येतो. पांढरीसाठी रस आधीच सालीपासून वेगळा करतात. स्टीलच्या टाक्यांत यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. म्हणून बहुतेक वाइन गोड लागत नाही.

"म्हणजे शुगरवाल्यांना चालेल की!" दाजी माझ्याकडे बघून म्हणाले. मी हसलो. आणि हीच माझी चूक.

मग टेस्टिंग. सहा प्रकार, प्रत्येकी चाळीसेक मिलिलिटर. टेबलावर पिकदाणी ठेवलेली असते. चव घेऊन थुंकायचं असतं. आमच्यात कोणी थुंकलं नाही, पैसे दिलेत ना! हिशोब करा: २४० मिलिलिटर, साडेबारा टक्के, म्हणजे सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीचे तीस-तीसचे दोन पेग, आणि वर थोडी. दाजींनी चीजचे दोन तुकडे खाल्ले आणि "भूक नाही" म्हणून जेवण टाळलं. मला ड्रायव्हरशेजारची सीट मिळाली, डोळा लागला.

येवल्याच्या पुढे ताईची हाक आली, "अरे, हे काहीतरीच बडबडतायत." मागे वळून बघितलं तर दाजींचा शर्ट घामाने भिजलेला, बोट थरथरतंय, शब्द अडखळतायत. ड्रायव्हर हसून म्हणाला, "साहेबांना चढली." क्षणभर मीही हसलो. मग डोक्यात लख्ख झालं. ग्लुकोमीटर बॅगेत होता. शुगर ४८.

चहाच्या टपरीवर थांबून चार चमचे साखर पाण्यात घालून दिली. गिळत होते, म्हणून जमलं; गिळता येत नसतं तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल. पंधरा मिनिटांनी ७६. मग बिस्किटं, दूध, आणि रात्रभर तीन-तीन तासांनी तपासणी, कारण ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते. पहाटे तीनला ६९ आलीच.

असं का होतं? उपाशी असताना रक्तातली साखर यकृत सांभाळतं, साठा सोडतं आणि नवी साखर तयार करतं. अल्कोहोल आलं की यकृत ते जाळण्यात गुंततं आणि नवी साखर बनणं मंदावतं. वरून ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन साखर खाली ओढतच असतं. परिणाम काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतो. आणि लक्षणं दारू चढल्यासारखीच, म्हणून जवळची माणसंच फसतात. मी एम.डी. असून फसलो. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनही अशा वेळी नीट काम करेलच असं नाही, कारण यकृतातला साठाच संपलेला असतो.

राहिलं 'हार्टला चांगली'. फ्रेंच लोकांच्या खाण्यापिण्यावरून १९९०च्या दशकात ही कल्पना पसरली. रेस्वेराट्रोल वाइनमध्ये लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. प्रयोगात वापरतात ती मात्रा कितीतरी जास्त. शिवाय थोडी पिणारे लोक बहुधा सुखवस्तू, चालणारे-फिरणारे असतात, आणि 'न पिणाऱ्यां'त आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की अल्कोहोलचं सुरक्षित असं प्रमाण नाही. वाइन असो की देशी, अल्कोहोल तेच, आणि कॅन्सरची यादी करताना बाटलीवरचं लेबल कोणी बघत नाही.

म्हणून आता मी 'थोडी चालते' म्हणत नाही. जो पिणारच आहे त्याला विचारतो: कोणती गोळी, जेवण झालं का, सोबत कोण, आणि त्याला शुगर उतरल्याची खूण माहीत आहे का.

दाजींची गोळी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून बदलली. ताईने पर्समध्ये साखरेच्या पुड्या ठेवल्यात. आणलेली एक बाटली अजून माझ्या कपाटात आहे; दाजी फोनवर दर वेळी तिची चौकशी करतात.