शेवटचा तुकडा कुठून जाणार?

न्यू जर्सीतल्या आमच्या हायस्कूलमध्ये नववीला इंजिनिअरिंग हा विषय ऐच्छिक होता. तो घेतला की एक प्रकल्प ठरलेला. पाऊण इंची २७ लाकडी ठोकळे मिळत. ते चिकटवून पाच वेगवेगळे तुकडे करायचे, प्रत्येकात चार ते सहा ठोकळे, आणि पाचही जुळवले की सव्वादोन इंचाचा घन व्हायला हवा. वर्गातल्या मुलांना ते सोडवताना घाम फुटला पाहिजे, पण कुणी वैतागून टाकूनही देता कामा नये, ही सरांची खास अट.

कल्पना जुनीच. डेन्मार्कच्या पीट हाइनने १९३०च्या दशकात काढलेला सोमा घन सात तुकड्यांचा. तो २४० रीतींनी जुळतो. सरांना एवढी उदारता नको होती. उत्तरं जितकी कमी तितकं कोडं चांगलं, असं त्यांचं मत. मला ते अजूनही अर्धंच पटतं. उत्तर एकच असलं, पण पहिला तुकडा कुठे ठेवायचा हे बघताक्षणी कळलं, तर त्यात कोडं कसलं?

अधिकच्या चिन्हासारखा तुकडा घ्या. पाच ठोकळ्यांचा, दिसायला देखणा. वर्गात बऱ्याच जणांनी तो घेतला होता. पण प्रत्येक बाजूला तीन ठोकळे असलेल्या घनात तो कुठल्याही कोपऱ्यात जाऊच शकत नाही. बाहेरच्या थराच्या मध्यावर नाहीतर मधल्या थरात, एवढ्या दोनच जागा. सोडवणाऱ्याला आयतंच सापडतं. उलट, कुठूनही बघितला तरी सारखा न दिसणारा, वेडावाकडा तुकडा २४ तऱ्हांनी धरता येतो. मी असे वेडेवाकडेच तुकडे गोळा करत बसले. ठिपक्यांच्या कागदावर ते काढून काढून पेन्सिलीने करंगळीची कड काळी व्हायची.

त्या वेळी आजोबा कोल्हापूरहून आमच्याकडे आले होते. उद्यमनगरातल्या फौंड्रीत त्यांनी उभा जन्म लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतायच्या वस्तूंचे नमुने, बनवण्यात घालवला. माझा सगळ्यात आवडता आराखडा मी त्यांना संगणकावर फिरवून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला.

"बसतंय झकास. पण शेवटचा तुकडा आत कुठनं घालणार गं?"

पडद्यावर तुकडे एकमेकांच्या आरपार जातात, म्हणून तिथे ही अडचण दिसत नाही. त्या आराखड्यात दोन तुकडे एकमेकांना असे आकडे घालून होते, की लाकडात ते एकत्र येणंच शक्य नव्हतं. आजोबांनी हे पटकन ओळखलं, कारण त्यांचा सगळा धंदाच त्यावर चालायचा. पॅटर्न वाळूत दाबला की तो साचा न मोडता वर निघाला पाहिजे. म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना थोडा उतार देतात. आणि ओतीव लोखंड निवताना शेकडा एक भागाच्या आसपास आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. त्यासाठी त्यांच्याकडे मुळातच जरा लांब आखलेली पट्टी असायची. "खोटी पट्टी," असं ते हसून म्हणाले.

तो आराखडा बाद झाला. पुढचा पक्का करताना मी प्रत्येक तुकडा कुठल्या दिशेने आत सरकतो याचे बाण काढले, क्रमांक घातले.

मग ठोकळे मोजले. कॅलिपरखाली पाऊण इंच हा नुसता अंदाज ठरतो. एखादा ठोकळा केसभर जाड, एखादा बारीक. तीन जाड ठोकळे एका रांगेत आले की घन अडलाच. आजोबांनी ते टेबलावर ओळीने मांडून जाड, मध्यम, बारीक असे गट पाडले आणि प्रत्येक रांगेत ते मिसळून लावायला सांगितले. डिंक एकदम पातळ थराचा. सांध्यातून बाहेर आलेला थेंब वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर आतल्या कोनात तो खड्यासारखा घट्ट होतो आणि तिथे पॉलिशपेपरही पोचत नाही.

चाचणीला प्रत्येकाचं कोडं पाच जणांनी सोडवायचं होतं, घड्याळ लावून. माझ्या कोड्याशी चौघे बराच वेळ झुंजले. पाचव्याने त्यांच्याहून लवकर घन करून पुढे ठेवला. तुकडे माझेच, पण मांडणी माझ्या कागदावरची नव्हतीच! त्याने भलतंच, दुसरं उत्तर काढलं होतं. सरांनी ते उलटसुलट करून बघितलं, त्याला जादा गुण दिले, आणि मला सांगितलं, की उद्या येताना याचंही चित्र काढून आण, बाणांसकट.